सातशे कोटी युआनचा भागीदार : हेफेई शहर आणि नियो कंपनी

२५ फेब्रुवारी २०२०. करोनाच्या पहिल्या लाटेनं चीनमधली शहरंच्या शहरं बंद पडली होती. त्याच दिवशी आनहुई प्रांताची राजधानी असलेल्या हेफेईच्या शहर सरकारनं नियो या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीशी एक प्राथमिक करार केला. नियोला तेव्हा घरघर लागली होती. २०१९च्या अखेरीस रोख आणि अल्पमुदतीच्या ठेवी धरून कंपनीच्या गाठीशी जेमतेम १०६ कोटी युआन उरले होते आणि त्या एका वर्षाचा तोटा १,१३० कोटींचा होता. हाताशी असलेला पैसा पुढचे बारा महिने पुरणार नाही, हे कंपनीनं स्वतःच गुंतवणूकदारांना लेखी कळवलं होतं. अशा कंपनीत एका शहरानं ७०० कोटी युआन, म्हणजे त्या वेळच्या दरानं साधारण साडेसात हजार कोटी रुपये घालायचं ठरवलं.

चीनमध्ये सगळं सरकार करतं आणि अमेरिकेत सगळं बाजारावर सोडलेलं असतं, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. नियोचं प्रकरण मी निवडलं ते हा समज इथं टिकत नाही म्हणून. अमेरिकेच्या सरकारनंही टेस्लाला पैसे दिले होते, तेही टेस्ला चाचपडत होती तेव्हा. दोन्हीकडे सरकार उतरलं. फरक आहे तो सरकार कोणत्या नात्यानं उतरलं यात, आणि पैसा बुडाला तर जाब कोणाला विचारला जातो यात.

कंपनी बुडायला का आली होती

ली बिन यांनी २०१४ मध्ये नियो सुरू केली. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात ती ६.२६ डॉलर भावानं उतरली आणि तिनं सुमारे १०० कोटी डॉलर उभे केले. वर्षभरातच गाडं घसरलं. बॅटरीला आग लागण्याच्या घटनांनंतर जून २०१९ मध्ये ४,८०३ गाड्या परत मागवाव्या लागल्या. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं इलेक्ट्रिक गाड्यांवरचं अनुदान मोठ्या प्रमाणात कापलं. ऑक्टोबरमध्ये शेअरचा भाव दीड डॉलरच्याही खाली गेला होता.

पैसा जिरत होता त्याचं एक कारण नियोची खासियत होती. ही कंपनी बॅटरी चार्ज करण्याबरोबरच बदलूनही देते. गाडी एका छोट्या गॅरेजएवढ्या खोलीत उलटी शिरते, खालून यंत्र वर येतं, बॅटरीचे बोल्ट सोडवतं, रिकामी बॅटरी काढून घेतं आणि भरलेली बसवतं. चालकाला खाली उतरावंही लागत नाही. चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गाडी बाहेर. गिऱ्हाईक खूश होतं, पण असं प्रत्येक केंद्र कंपनीनं स्वतःच्या पैशानं उभारायचं आणि जादा बॅटऱ्या भरून ठेवायच्या, म्हणजे भांडवल अडकून पडतं. वर्षाला २०,५६५ गाड्या विकणाऱ्या कंपनीला हा पसारा पेलणारा नव्हता.

हेफेईच्या आधी इतरांनी नियोकडे पाहून घेतलं होतं. बीजिंगच्या एका सरकारी गुंतवणूक कंपनीनं मे २०१९ मध्ये १,००० कोटी युआनचा प्राथमिक करार केला, तो प्रत्यक्षात आला नाही. चच्यांग प्रांतातल्या हुचौ शहराशी बोलणी झाली, तीही फिसकटली. चीनमधलं सरकार डोळे मिटून पैसे ओततं असं मानणाऱ्यांनी हे दोन नकार विसरू नयेत. तिथं ‘सरकार’ नावाची एकच तिजोरी नाही. शेकडो शहरं आहेत, ती एकमेकांशी चुरस करतात आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो.

हेफेईचा हिशेब

नियोच्या गाड्या जिथं जोडल्या जात, तो कारखाना हेफेईतच होता, जेएसी या सरकारी मालकीच्या मोटार कंपनीचा. नियो बुडाली असती तर तो कारखाना आणि त्याच्या भोवतीचे सुटे भाग पुरवणारे, सगळेच हात चोळत बसले असते. म्हणजे हे संकट आधीच शहराच्या दारात होतं. शिवाय ली बिन मूळचे आनहुईचेच. भूमिपुत्र असल्यानं दार उघडलं असेल, पण ७०० कोटी त्यासाठी कोणी देत नाही.

खरं कारण शोधायला बारा वर्षं मागं जावं लागतं. हेफेईत फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांचे कारखाने भरपूर होते, पण टीव्हीचा पडदा बाहेरून यायचा. २००८ मध्ये, जगभर मंदी असताना, शहरानं बीओई या तोट्यातल्या पडदा बनवणाऱ्या कंपनीला १,७५० कोटी युआनचा कारखाना इथं काढायला राजी केलं आणि भांडवलाची मोठी जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यासाठी मेट्रोचं काम मागं ठेवलं, असं तिथं सांगितलं जातं. कारखाना चालला, त्याच्या मागोमाग काच, रसायनं, चिप यांचे पुरवठादार आले. पुढं मेमरी चिप बनवणाऱ्या छांगशिन या कंपनीतही शहरानं असाच पैसा घातला. चीनमध्ये हेफेईला कोणी सर्वांत धाडसी गुंतवणूकदार म्हणतं, तर कोणी जुगारी शहर.

शहराच्या हाती एवढा पैसा आला कुठून, हे समजल्याशिवाय चीनचं सरकार समजत नाही. १९९४च्या कर सुधारणेत करांचा मोठा वाटा केंद्राकडे गेला, पण शाळा, रस्ते, दवाखाने यांचा खर्च बहुतेक स्थानिक सरकारांकडेच राहिला. वर, थेट कर्ज काढायला त्यांना तेव्हा बंदी होती. मग दोन वाटा निघाल्या. शहरातली जमीन सरकारी मालकीची असते, तिचे वापराचे हक्क बिल्डरांना विकायचे, ही एक. आणि शहराच्या मालकीची एक गुंतवणूक कंपनी काढून तिच्या नावावर कर्ज उचलायचं, ही दुसरी. २०२१ मध्ये जमिनीच्या हक्कांच्या विक्रीतून देशभरातल्या स्थानिक सरकारांना ८.७ लाख कोटी युआन मिळाले. कारखाना आला की माणसं येतात, माणसं आली की घरं लागतात, घरं लागली की जमिनीला भाव येतो. म्हणून हेफेईला नियोतून मिळणारा लाभांश ही एकच मिळकत दिसत नव्हती. अधिकाऱ्याच्या बढतीचं गणितही त्यात असतंच. हाताखालच्या शहराची भरभराट झाली की पक्षात वरची पायरी मिळते.

करार जवळून पाहिला तर

२९ एप्रिल २०२०ला अंतिम करार झाला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो हाच कागद.

हेफेईच्या गुंतवणूकदारांनी न्यूयॉर्कमध्ये नोंदलेल्या मूळ कंपनीचे शेअर घेतले नाहीत. ‘नियो चायना’ ही कंपनी मध्ये आणली. मूळ कंपनीनं आपला चीनमधला सगळा महत्त्वाचा व्यवसाय तिच्यात आणायचा, त्याची किंमत धरली १,७७७ कोटी युआन. शिवाय तिनं ४२६ कोटी रोख घालायचे. हेफेईचे ७०० कोटी. बेरीज २,९०३ कोटी आणि त्यात शहराचा वाटा २४.१ टक्के. मुख्यालय हेफेईत हलवायचं. नियो चायनानं ४८ महिन्यांत शेअर बाजारात येण्याचा अर्ज करायचा, ६० महिन्यांत नोंदणी पुरी करायची. नाही जमलं तर गुंतवणूकदार आपला पैसा दरसाल ८.५ टक्के चक्रवाढीनं परत मागू शकतात. आणि रक्कम एकदम द्यायची नाही, हप्त्यांनी द्यायची.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘भागभांडवल’ आणि ‘थकहमी’ हे दोन शब्द सहकारी साखर कारखान्यांमुळं पाठ आहेत. हेफेईनं दिलं ते भागभांडवल होतं, पण त्यात सावकाराची कलमं घातलेली होती. कंपनी वर गेली तर चोवीस टक्के आपले, कंपनी रखडली तर व्याजासह वसुलीचा हक्क आपला. भागभांडवल देताना बाहेर पडायचं दार आधी आखून ठेवणारं सरकार मला विरळा वाटतं.

आणि एक तारीख. अंतिम कराराच्या सहाच दिवस आधी, २३ एप्रिलला, केंद्र सरकारनं अनुदानाचे नवे नियम काढले. तीन लाख युआनपेक्षा महाग इलेक्ट्रिक गाड्यांना अनुदान बंद. अपवाद फक्त बॅटरी बदलता येणाऱ्या गाड्यांचा. नियोच्या गाड्या महाग होत्या आणि बॅटरी बदलून देणारी ठळक कंपनी तीच होती. हा नियम तिच्यासाठीच केला असं मी म्हणणार नाही. पण एका शहराचं भांडवल आणि केंद्राचा नियम एकाच आठवड्यात कंपनीच्या पाठीशी उभे राहिले, एवढं कागदावर आहे. बाजारातल्या कोणत्याही गुंतवणूकदाराला ही सोबत मिळत नाही.

२०२० मध्ये ४३,७२८ गाड्या गेल्या, म्हणजे आदल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त. २०२१च्या सुरुवातीला शेअर साठ डॉलरच्या वर होता. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीनं ८.६१२ टक्के हिस्सा परत घेतला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये हेफेईच्या दोन गुंतवणूकदारांकडून ३.३०५ टक्के घेतला आणि त्याचे ५५० कोटी युआन मोजले. एप्रिलमध्ये एका टक्क्याला २९ कोटी पडले होते, दहा महिन्यांनी १६६ कोटी मिळाले.

फ्रीमाँटमधली दोन कर्जं

आता अमेरिकेकडे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट या एकाच गावात दोन कंपन्यांचे कारखाने होते, सोलिंड्रा आणि टेस्ला. सप्टेंबर २००९ मध्ये ऊर्जा खात्यानं सोलिंड्राला ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची थकहमी दिली. नळ्यांच्या आकाराचे सौर पॅनेल बनवणारी ही कंपनी सिलिकॉन महाग असेल तरच टिकणार होती. सिलिकॉनचे भाव कोसळले. चीनमधल्या शहरांनी आणि सरकारी बँकांनी उभे केलेले पॅनेलचे कारखानेही धडाधड माल काढू लागले आणि दोन वर्षांत सोलिंड्रानं दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे हेफेईसारख्या शहरांचा धंदा अमेरिकेच्या तिजोरीपर्यंत तेव्हाच पोचला होता.

टेस्लाला जानेवारी २०१० मध्ये मोटार कंपन्यांसाठीच्या दुसऱ्या योजनेतून ४६.५ कोटी डॉलरचं सरळ कर्ज मिळालं. फोर्डला त्याच योजनेतून ५९० कोटी, फिस्कर या मोटार कंपनीला ५२.९ कोटी मंजूर, फिस्कर बुडाली. टेस्लानं २२ मे २०१३ला सगळं कर्ज व्याजासह फेडलं, मुदतीच्या नऊ वर्षं आधी.

हे यश म्हणून सांगितलं जातं आणि ते आहेच. पण इथं थोडं थांबून आकडे पाहावेत. ऊर्जा खात्यानं कर्जाबरोबर टेस्लाचे सुमारे ३० लाख ९० हजार शेअर बहुतांशी ७.५४ डॉलर भावानं घेण्याचा हक्क मिळवला होता. अट अशी की हा हक्क २०१८च्या अखेरपासून वापरता येणार आणि त्याआधी कर्ज फिटलं तर तो संपणार. मे २०१३ मध्ये टेस्लानं नवे शेअर ९२.२४ डॉलरला विकले. त्या भावानं सरकारच्या हक्काची किंमत २६ कोटी डॉलर भरते, म्हणजे सोलिंड्रात अडकलेल्या रकमेच्या निम्मी. कर्ज फिटताच तो हक्क गेला. पुढं टेस्लाचं जे झालं त्याचा हिशेब मी इथं करत नाही, पण सरकारच्या वाट्याला व्याजापलीकडं काही आलं नाही. सावकाराला यशाचा वाटा मिळत नाही आणि अपयश मात्र पुरेपूर भोगावं लागतं. अशा योजनेचा ताळेबंद कायम हरल्यासारखाच दिसतो.

राजकारणात तसाच दिसला. संसदेच्या समितीपुढं सोलिंड्राच्या दोन अधिकाऱ्यांनी उत्तरं देण्याचं नाकारलं. कर्ज विभागाच्या प्रमुखांनी ऑक्टोबर २०११ मध्ये पद सोडलं. रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी निवडणुकीच्या वर्षात सोलिंड्राच्या बंद इमारतीसमोर उभे राहून बोलले. ऑक्टोबर २०१२च्या वादफेरीत त्यांनी ओबामांवर हरणारे घोडे निवडल्याचा आरोप केला आणि त्या यादीत सोलिंड्रा, फिस्करबरोबर टेस्लाचंही नाव घेतलं. सात-आठ महिन्यांत टेस्लानं कर्ज फेडलं, पण घाव बसला तो बसलाच. मोटारींच्या त्या योजनेतून २०११ नंतर थेट २०२२ पर्यंत एकही नवं कर्ज दिलं गेलं नाही. हजारो कोटी डॉलर देण्याचा कायदेशीर अधिकार असताना अकरा वर्षं दार बंद. नेमक्या याच अकरा वर्षांत चीनचा इलेक्ट्रिक गाड्यांचा धंदा उभा राहिला. वॉशिंग्टनच्या एका अभ्यास संस्थेनं २००९ ते २०२३ या काळातली चीनची सरकारी मदत २३,००० कोटी डॉलरच्या घरात मोजली आहे.

अमेरिकेत शहरं आणि राज्यं भागीदार का होत नाहीत, याचं उत्तर मला सगळ्यात रोचक वाटतं. एके काळी ती होत होती. १८२० आणि ३०च्या दशकांत तिथली राज्यं कर्ज काढून कालवे, रेल्वे आणि बँकांमध्ये हेफेईसारखेच पैसे घालत. १८३७ मध्ये बाजार कोसळला आणि पुढच्या काही वर्षांत पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, इलिनॉय, मिशिगनसह आठ राज्यांनी आणि तेव्हा राज्यही नसलेल्या फ्लोरिडानं कर्जफेड थांबवली. लोक खवळले. त्यानंतर एकामागून एक राज्यांनी आपापली घटना बदलली. राज्यानं खासगी कंपनीचे शेअर घेऊ नयेत, तिच्यासाठी आपली पत गहाण टाकू नये, अशी कलमं अनेक ठिकाणी आली. अलीकडंही नेवाडानं २०१४ मध्ये टेस्लाला सुमारे सव्वाशे कोटी डॉलरची करमाफी दिली, विस्कॉन्सिननं २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या फॉक्सकॉनसाठी अब्जावधींच्या सवलती जाहीर केल्या, पण शेअर घेतले नाहीत. सवलत दिली की परत येत नाही. वाटा मागणं निषिद्ध आणि खैरात चालते, हे मला खटकतं. पण ती कलमं लिहिणाऱ्यांचे हात पोळले होते, हेही खरं.

केंद्र सरकारनं वाटा घेतला तो संकटात. २००९ मध्ये जनरल मोटर्सचे सुमारे ६१ टक्के शेअर सरकारकडे आले, डिसेंबर २०१३ पर्यंत सगळे विकून ते बाहेर पडलं आणि एक हजार कोटी डॉलरहून जास्त तोटा सोसला. तेव्हा सरकारला कंपनी चालवायचीच नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र चिप बनवणाऱ्या इंटेलचे ९.९ टक्के शेअर घेतले गेले, तेही कंपनीला आधी देऊ केलेल्या अनुदानाच्या बदल्यात, संचालक मंडळावर जागा न घेता. भागीदारीची कल्पना तिकडंही परत येते आहे.

न दिसणारी सोलिंड्रा

हेफेईची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथंच थांबतात. मला तसं थांबणं अप्रामाणिक वाटतं. याच हेफेईनं प्लाझ्मा टीव्हीच्या पडद्यांवरही पैसे लावले होते आणि ते तंत्रच कालबाह्य झालं. सौर पॅनेलच्या एका कंपनीलाही तिनं आणलं, तीही अडचणीत येऊन दुसऱ्याला विकली गेली. ही नावं गौरवकथांत क्वचित येतात. आणि हेफेई हे जिंकलेलं शहर. वूहानच्या एका उपनगरानं होंगशिन या चिप कंपनीसाठी १२,८०० कोटी युआनच्या प्रकल्पाची स्वप्नं पाहिली. २०२१च्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांना घरी जायला सांगितलं गेलं, चिप एकही निघाली नाही. नानचिंगच्या पाठबळावरची बायटन ही मोटार कंपनी गाडी विकायच्या आतच थांबली.

यांपैकी कोणाचीही चौकशी टीव्हीवर झाली नाही. कोणी विरोधी उमेदवार बंद कारखान्यासमोर उभा राहिला नाही. चिप प्रकल्प फसू लागल्यावर केंद्राच्या नियोजन खात्यानं ‘जो पाठिंबा देईल तोच जबाबदार’ अशी तंबी दिली. पण कोणत्या शहराचे किती गेले हे तिथल्या करदात्याला एकत्र कधी पाहायला मिळत नाही. नुकसान शहरांच्या गुंतवणूक कंपन्यांच्या कर्जात मुरतं. २०२३च्या अखेरीस स्थानिक सरकारांचं असं ताळेबंदाबाहेरचं ‘लपलेलं’ कर्ज १४.३ लाख कोटी युआन असल्याचं सरकारनंच सांगितलं. जमिनीचा पैसाही आटला, ८.७ लाख कोटींवरून २०२४ मध्ये ४.८७ लाख कोटींवर. अमेरिकेनं एका सोलिंड्रापायी अकरा वर्षं हात आखडला हे मला चूक वाटतं. पण सोलिंड्राचे किती डॉलर बुडाले, हमी कोणी दिली, कागदावर सही कोणाची होती, हे फ्रीमाँटमधल्या शाळाशिक्षकालाही वाचता आलं. वूहानच्या शाळाशिक्षकाला ते मिळायला हवं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये बीजिंगनं स्थानिक सरकारांना बजावलं की फक्त कारखाने खेचून आणण्यासाठी सरकारी गुंतवणूक निधी काढू नका. प्रत्येक शहराला आपली नियो हवी झाली होती आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाजारात सगळेच एकमेकांच्या पोटावर पाय देत भाव पाडत होते.

नियोनं २०२४ मध्ये २,२१,९७० गाड्या दिल्या आणि त्या वर्षी तिचा तोटा २,२४० कोटी युआन झाला. न्यूयॉर्कमधला शेअर त्या वर्षात पाच डॉलरच्याही खाली गेला होता. २९ सप्टेंबर २०२४ला कंपनीनं नवी गुंतवणूक जाहीर केली : हेफेईच्या बाजूनं आलेले जुने सरकारी गुंतवणूकदार नियो चायनात आणखी ३३० कोटी युआन घालणार होते.